मत प्रतिनिधीचे की पक्षाचे? : चार राज्यघटनांची उत्तरे

ठाणे शहरातील टेंभी नाका हे स्थळ महाराष्ट्राच्या राजकारणात परिचित आहे. शिवसेनेचे ठाण्यातील नेते आनंद दिघे (निधन २००१) यांचा आनंद आश्रम येथेच असून त्यांनी सुरू केलेला नवरात्रोत्सवही येथेच साजरा होतो. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या विधानसभेतील ५५ सदस्यांपैकी ४० सदस्य एकनाथ शिंदे यांच्यामागे उभे राहिले, तेव्हा त्या एकाच घटनेस दोन नावे मिळाली. एक गट तिला ‘उठाव’ म्हणे, दुसरा ‘गद्दारी’. दिघे यांचा वारसा मात्र दोन्ही गट सांगत होते. नाक्यावरील शब्द दोन असले तरी त्यांच्यामागचा घटनात्मक प्रश्न एकच होता: मतदाराने निवडून दिलेल्या प्रतिनिधीचे सभागृहातील मत कोणाचे? त्याचे स्वतःचे, की ज्या पक्षाच्या चिन्हावर तो निवडून आला त्या पक्षाचे?

हा प्रश्न प्रत्येक लोकशाहीपुढे येतो. परंतु त्याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही.

ब्रिटनमध्ये या बाबतीत कायदा मौन पाळतो. प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या नसून स्वतंत्र विवेकाने विचार करणारा सभासद आहे, हा विचार एडमंड बर्क याने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे मांडला, आणि तेथील परंपरेत तो रुजला. पक्षाची शिस्त तेथे कडक आहे, पण ती पक्षापुरतीच. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारविरुद्ध मत देणाऱ्या हुजूर पक्षाच्या २१ सभासदांना पक्षाने संसदीय गटातून दूर केले. त्यांची संसदेतील जागा मात्र कायम राहिली.

जर्मनीने हेच तत्त्व लेखी केले. १९४९ च्या मूलभूत कायद्यातील ३८ व्या कलमानुसार सभासद हे समग्र जनतेचे प्रतिनिधी असून कोणाच्याही आदेशाने बांधलेले नाहीत. ते केवळ आपल्या सदसद्विवेकबुद्धीस जबाबदार आहेत. मग सरकारच्या स्थैर्याचे काय? त्याची तजवीज ६७ व्या कलमात आहे. नवा चॅन्सेलर बहुमताने निवडल्याखेरीज जुन्यास अविश्वासाच्या ठरावाने काढता येत नाही. १९७२ मध्ये असा यत्न दोन मतांनी फसला. १९८२ मध्ये तो यशस्वी होऊन श्मिट यांच्या जागी कोल आले. म्हणजे तेथे सभासदाचे मत मोकळे ठेवून सरकार पाडण्याची रीत तेवढी अवघड केली आहे.

अमेरिकेत हा प्रश्नच सौम्य होतो, कारण तेथे राष्ट्राध्यक्षाची मुदत निश्चित असून ती विधिमंडळातील बहुमतावर अवलंबून नाही. २००१ मध्ये सिनेटर जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला, त्यासरशी सिनेटमधील सत्तेचे पारडे फिरले. परंतु राष्ट्राध्यक्षाचे आसन हलले नाही.

भारताने ब्रिटनची संसदीय पद्धती स्वीकारली, आणि १९५० च्या मूळ संविधानात पक्षांतराविषयी तरतूद नव्हती. १९६७ मध्ये हरयाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा वाक्प्रचार देशभर रूढ झाला. अखेर १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. जो सदस्य आपल्या पक्षाचे सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडील’, किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देईल अथवा मतदानास गैरहजर राहील, तो अपात्र ठरावा, असे तीत म्हटले आहे. जर्मनीने ज्या आदेशास घटनेबाहेर ठेवले, त्यास भारताने घटनेत स्थान दिले. हा आदेश बजावणाऱ्यास मराठीत ‘प्रतोद’ म्हणतात. प्रतोद म्हणजे जनावरे हाकण्याचा चाबूक. त्याचा इंग्रजी प्रतिशब्दही शिकारी कुत्र्यांना कळपात ठेवणाऱ्याच्या नावावरून आला आहे. ब्रिटनमध्ये हा चाबूक रूपकापुरता राहिला. भारतात त्याला कायद्याचे बळ मिळाले.

पुढे या कायद्याचा अर्थ शब्दागणिक लागत गेला. गोव्यातील रवी नाईक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरविले की, ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे केवळ राजीनामा नव्हे. वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. आरंभी एकतृतीयांश सदस्यांच्या ‘फुटी’ला संरक्षण होते, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले. उरली ती दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची वाट.

येथेच २०२२ च्या पेचाचे मूळ आहे. ५५ पैकी ४० म्हणजे दोनतृतीयांशाहून अधिक. परंतु हा गट कोणत्याही पक्षात विलीन झाला नाही. ‘आम्ही फुटलो’ असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवली नव्हती. म्हणून ‘आम्हीच पक्ष आहोत’ असा दावा पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ११ मे २०२३ रोजी ‘राजकीय पक्ष’ आणि ‘विधिमंडळ पक्ष’ या दोन संज्ञांतील भेद स्पष्ट केला: प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नव्हे, आणि खरा पक्ष कोणता हे ठरविताना अध्यक्षांनी केवळ आमदारांच्या संख्येवर विसंबू नये. तथापि निर्णय अध्यक्षांकडेच राहिला. १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी शिंदे यांचा गट हाच खरा पक्ष ठरविला आणि कोणत्याही गटाच्या सदस्यास अपात्र केले नाही.

या तुलनेतून एक गोष्ट ध्यानी येते. मत सभासदाचे, असे ब्रिटन आणि जर्मनी मानतात, आणि त्याच्या चुकीचा न्याय पुढील निवडणुकीवर सोपवितात. भारताने मत पक्षाचे मानले. पण पक्ष म्हणजे कोण, याची पुरेशी व्याख्या केली नाही. पदाधिकारी, आमदार, की सामान्य सदस्य? पक्ष दुभंगला की हा प्रश्न सभागृहाच्या अध्यक्षापुढे येतो, आणि अध्यक्ष तर सभागृहातील बहुमतानेच निवडलेला असतो. पक्षांतर रोखण्यासाठी केलेला कायदा अशा रीतीने पक्षाच्या मालकीचा वाद होऊन बसतो.

हा प्रश्न विधानसभेपुरताही नाही. महाराष्ट्राच्या १९८६ च्या अधिनियमाने पक्षांतराची हीच बंदी स्थानिक संस्थांना लागू केली असून ठाणे महानगरपालिकेचे नगरसेवकही तिच्या कक्षेत येतात. टेंभी नाक्यावरील मतदार मतपत्रिकेवर नाव आणि चिन्ह अशा दोन गोष्टी पाहून मत देतो. पुढे त्या दोहोंची फारकत झाली, तर आपण नक्की कोणास निवडले होते, हे सांगण्याची संधी त्यास पुढील निवडणुकीपूर्वी मिळत नाही. ‘उठाव’ आणि ‘गद्दारी’ यांपैकी योग्य शब्द कोणता हे ठरविण्याचा अधिकार खरा त्याचा. परंतु त्याची साक्ष घेण्याची तरतूद दहाव्या अनुसूचीत कोठेही नाही.