मुक्त, पण बेवारस नव्हे

लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या अनेकांनी 'लोहित' हा फॉन्ट नकळत वापरला असेल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेली ही अक्षरे 'रेड हॅट'ने जीपीएल परवान्याखाली खुली केली. (लोहित म्हणजे तांबडा, नाव समर्पकच!) सप्टेंबर २०११ मध्ये तो परवाना बदलून खास फॉन्टसाठी बेतलेले 'ओपन फॉन्ट लायसन्स' स्वीकारण्यात आले.

हक्क एकाच हाती असतील तर असा बदल सोपा असतो. स्वयंसेवकांच्या प्रकल्पांचे तसे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती आहे. नागोठण्यातील एखाद्या तरुणाने रात्री जागून चाळीस ओळी लिहून पाठविल्या, तरी त्यांचा मालक तोच राहतो. हक्क प्रकल्पाच्या नावे करायचा तर कलम १९ नुसार सहीनिशी लेखी करार हवा. करारात मुदत नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिवाय ते लेखन त्याच्या नोकरीचा भाग असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी कंपनीची! मग फुकट वाटण्याचा अधिकार त्याला कुठला?

जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली, तरी लिनक्सचा गाभा दुसरीवरच राहिला. लिनस टोरवाल्ड्स यांना तिसरी पसंत नव्हती हे खरे. पण पसंत असती तरी हजारो हक्कदारांची संमती मिळविणार कोण? मालकीच्या प्रश्नावर लिनक्सने २००४ मध्ये साधा उपाय काढला. प्रत्येक दुरुस्तीखाली, ती देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी ग्वाही पाठविणाऱ्याने स्वतःच्या नावानिशी द्यायची.