कुत्र्याच्या केसांतून येणारे फोड

न्यू जर्सीतल्या बागेत कुत्रा झुडपात शिरतो, शेपटी हलवत परत येतो, मालक त्याला कुरवाळतो. दोन दिवसांनी मालकाच्या मनगटावर पाण्याने भरलेले फोड! कारण झुडपातली पॉयझन आयव्ही, तीन-तीन पानांची वेल. तिच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं, त्यानेच फोड येतात. दाट केसांमुळे कुत्रा बहुधा वाचतो, तेल मात्र केसांवर, पट्ट्यावर चिकटून राहतं. आपला बिब्बा याच कुळातला. बिब्बा उतणं म्हणजे काय, हे आजीला विचारा. तिकडे राहणाऱ्यांनो, जाड प्लास्टिकचे हातमोजे घालून कुत्र्याला साबणाने आंघोळ घाला, पट्टाही धुवा. हिवाळ्यात पानं झडलेल्या वेलीतही तेल असतंच. ती जाळू तर मुळीच नका. धुराबरोबर ते फुप्फुसात जातं.