अरेपा : एका भाकरीमागचे श्रम

व्हेनेझुएला म्हटले की आपल्याला खनिज तेल आठवते. तिथल्या माणसाला आधी आठवतो तो अरेपा. ही मक्याच्या पिठाची, पंजात मावेल एवढी, बोटभर जाड भाकरी. 'बुदारे' नावाच्या मातीच्या किंवा लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची, पोट फोडून आत पांढरे चीज, काळा घेवडा किंवा तंतू सुटेपर्यंत शिजवलेले मांस भरायचे. युरोपीय लोक येण्याच्या आधीपासून तिथले मूळ रहिवासी ती खात आले आहेत.

खायला ती सोपी; करायला नव्हती. मका लाकडी उखळात कांडून साल वेगळी करायची, मग तो शिजवायचा, मग दळायचा. तेव्हा कुठे पीठ मळायला मिळे. हे काम बायकांचे. मुसळाच्या तालावर म्हणायची त्यांची गाणी होती. गाण्यांचे कौतुक करणारे मुसळाचे वजन विसरतात, एवढेच मी म्हणेन.

नाताळातली 'आयाका' मात्र सारे घर मिळून करते. एकाने केळीची पाने पुसायची, दुसऱ्याने त्यावर मक्याचे पीठ थापायचे, तिसऱ्याने मांस, मनुका व ऑलिव्हचे सारण घालायचे, चौथ्याने दोरीने पुडी बांधून उकळत्या पाण्यात सोडायची. श्रमविभागणी शिकवायला मला ह्याहून बरे उदाहरण सापडलेले नाही!

१९५४ साली लुइस काबायेरो मेहियास ह्या अभियंत्याने शिजवून वाळवलेल्या मक्याच्या पिठाचे पेटंट घेतले, आणि १९६० च्या अखेरीस पोलार कंपनीचे 'हारिना पान' बाजारात आले. पाणी व मीठ घालून मळले की झाले. बायकांचे कांडण सुटले. यंत्राला शिव्या देणाऱ्यांपैकी मी नव्हे. हा हिशेब सरळ जमेचा आहे. पण उखळ घरचे होते, पुडा दुकानातला. रोजची भाकरी बाजारावर अवलंबून राहिली.

२०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळू लागले, महागाई भडकली. सरकारने भाव बांधून दिलेले पीठ दुकानांतून नाहीसे होऊन काळ्या बाजारात दिसू लागले. एका पुड्यासाठी तासन् तास रांगा लागल्या. तेव्हा पुष्कळ घरांत अडगळीतले दळायचे हातयंत्र बाहेर निघाले, आणि मका शिजवून दळणे पुन्हा सुरू झाले. त्याच्या दांड्यापाशी बहुतेक ठिकाणी कोण उभे राहिले, हे तुम्हांला सांगायला नको.