मुलांच्या डोक्यातला कोंडा की गजकर्ण?

डोक्यातून पांढरे कण पडू लागले की आपण त्याला कोंडा म्हणतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते बहुधा खरे असते. पण शाळकरी मुलाच्या डोक्यात पापुद्रे सुटत असतील आणि त्याच जागचे केस जाऊन चट्टा पडला असेल, तर तो गजकर्ण असू शकतो. म्हणून हा फरक आम्ही इथे समजावून सांगत आहोत.

कोंडा साधारण सगळ्या डोक्यात असतो. खाज येते, पण टकलाचे चट्टे पडत नाहीत.

गजकर्ण बुरशीमुळे होतो. चट्ट्यावर पापुद्रे दिसतात. केस मुळाशी तुटल्याने कधी काळे ठिपके दिसतात. मानेमागे गाठीही येतात.

चाईचा चट्टा मात्र गुळगुळीत असतो, त्यावर पापुद्रा नसतो. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटल्याने चाई पडते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. तिचा उपचारही वेगळा आहे.

गजकर्णात नुसते मलम का पुरत नाही? कारण बुरशी केसाच्या आत आणि मुळापर्यंत शिरलेली असते. मलम वरच राहते. त्यासाठी पोटातून औषध घ्यावे लागते. ग्रिसिओफुल्विन साधारण ६ ते ८ आठवडे देतात, टर्बिनाफिनही वापरतात. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून शेजारच्या मुलाच्या गोळ्या आपल्या मुलाला देऊ नका. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका. बुरशी पुन्हा डोके वर काढते.

मेडिकलवाल्याला विचारून आणलेल्या मलमात अनेकदा स्टिरॉइड असते. लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, पण बुरशी आत वाढत राहते. बिब्बा किंवा रॉकेल लावू नका. त्याने कातडी भाजते.

चट्ट्यावर मऊ, दुखरी, पू असलेली सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ती फोडू नका. उपचाराला उशीर झाला तर तिथे व्रण राहून केस कायमचे जातात.

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाची ओपीडी असते. तिथे जाताना आधी लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या. डॉक्टर पापुद्रे आणि तुटके केस काढून तपासतात, त्याला फार त्रास होत नाही.

एका खोलीत पाच-सहा जण राहतात तिथे फणी, टॉवेल, टोपी आणि उशी सगळ्यांची एकच असते. उपचार सुरू असताना मुलाची फणी आणि टॉवेल वेगळे ठेवा. अभ्रे गरम पाण्यात धुवा. घरातल्या सगळ्या मुलांची डोकी उजेडात बघा. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला तर तो सांगितल्याप्रमाणे वापरा, त्याने लागण पसरणे कमी होते. पण शाम्पू म्हणजे गोळ्यांना पर्याय नव्हे. घरात मांजराचे किंवा कुत्र्याचे केस जात असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

फणी वेगळी ठेवायची, मूल नाही. त्याला ताटावर वेगळे बसवू नका, चिडवू देऊ नका. उपचार सुरू झाला की ते शाळेत जाऊ शकते. चट्टा लपवण्यासाठी त्याला घरी बसवाल, तर केस परत येतील, पण बुडालेली शाळा भरून काढणे अवघड जाईल.