चार मतांचा धनी

माणूस त्याच्या भाषेवरून ओळखावा, असे मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. मराठीच्या प्राध्यापकाने दुसरे काय सांगावे? अठरा वर्षे हे विधान मी मोठ्या आत्मविश्वासाने करीत आलो. ते पुरते खरे नाही, हे मला आमच्याच गल्लीत, एका खड्ड्याच्या काठावर उभा असताना कळले.

आमच्या शहराचे नाव सांगत नाही. महाराष्ट्रात २९ महानगरपालिका आहेत. वाचकांनी आपल्या सोयीने त्यातली एक घालून घ्यावी. मुंबईकरांनी मात्र आपली घालू नये. त्यांना प्रभागात एकच मत असते आणि ही हकीकत चार मतांची आहे.

आमच्या प्रभागात एक नगरसेवक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून आपणही अण्णाच म्हणू. दर सणाला चौकात त्यांचा फ्लेक्स लागे आणि त्यावर 'हार्दीक शुभेच्छा' असत. त्यातली ती दीर्घ 'दी' पाहिली, की माझा दिवस नासे. खाली 'आपला विश्वासु' असे ऱ्हस्व सुकारात लिहिलेले असे. ज्याला विश्वासू होता येत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा, असा विनोद मी स्टाफरूममध्ये अनेकदा केला आहे आणि त्यावर चहाही मिळवला आहे.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी आमच्याकडे मतदान होते. मंगळवार होता, सुट्टी होती. आमच्या इमारतीतल्या चार कुटुंबांनी मिळून एक गाडी ठरवली आणि आम्ही अष्टविनायकांपैकी एका गणपतीला जाऊन आलो. अशुद्ध लिहिणाऱ्यांच्या भांडणात शुद्ध लिहिणाऱ्याने कशाला पडावे, असा माझा तेव्हाचा विचार होता. संध्याकाळी परत आलो तेव्हा मतदान संपले होते आणि आमची बोटे स्वच्छ होती. त्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

पाच वर्षे गेली. २०२२ साली मुदत संपली, पण निवडणूक काही झाली नाही. राज्यघटनेचा २४३-यू हा अनुच्छेद सांगतो, की पालिकेची मुदत पाच वर्षांची आणि नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पुरी झाली पाहिजे. परंतु इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेला आणि राज्यातल्या महानगरपालिका, कुठे २०२० पासून तर बहुतेक ठिकाणी २०२२ पासून, प्रशासकांच्या हाती राहिल्या.

खरे सांगायचे तर प्रथम मला बरेच वाटले. चौक मोकळा दिसू लागला. घंटागाडी वेळेवर येई, रस्ते झाडले जात. 'हेच बरे आहे,' मी हिला म्हणालो, 'नसती मध्यस्थी गेली.' ही काही बोलली नाही.

मध्यस्थी गेली म्हणजे काय गेले, ते सावकाश ध्यानात आले. एरवी महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, १६ जणांची स्थायी समिती ते तपासते आणि सर्वसाधारण सभा मंजूर करते. प्रशासकाच्या कारभारात मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे, तर प्रश्नपत्रिका काढणाराच उत्तरपत्रिका लिहितो आणि गुणही तोच देतो. असा परीक्षक कितीही सज्जन असला, तरी त्याला पुनर्तपासणीचा अर्ज कोणाकडे करायचा?

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या नळाला पिवळे पाणी येऊ लागले. वासही येई. मी रीतसर तक्रार नोंदवली आणि मला एक लांबलचक क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी फोनवर निरोप आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' सोबत दुरुस्तीचे छायाचित्र होते, ते भलत्याच गल्लीचे. मी पुन्हा तक्रार केली; नवा क्रमांक मिळाला. माझी भाषा दोन्ही अर्जांत निर्दोष होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला कावीळ झाली. सात वर्षांचा पोर आठ दिवस रुग्णालयात पडून होता. त्याची ती पिवळी नजर अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटी काकूच पदर खोचून निघाल्या आणि अण्णांना घेऊन आल्या. अण्णा आता नगरसेवक नव्हते. हातात अधिकार नव्हता, कागद नव्हता. पण त्यांनी कुठूनसा चावीवाला शोधून आणला, प्रभाग कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला फोन लावला आणि रस्त्यावर बुटाच्या टाचेने एक फुली काढली. 'इथं खणा,' म्हणाले. खणले. चार फुटांवर पाण्याची वाहिनी फुटकी निघाली आणि तिच्या बरोबर वर ड्रेनेजची वाहिनी झिरपत होती.

'तुम्हाला कसे कळले?' मी विचारले.

'सर, २०१८ ला ही लाइन टाकली, तेव्हाच मी सभेत बोललो होतो. पिण्याची लाइन ड्रेनेजच्या खालून नेऊ नका म्हणून. पण एकटा पडलो. प्रभागातले बाकीचे तिघं गप्प बसले. त्यातला एक तर साठ-सत्तर मतांनीच आला होता.'

आमची सौभाग्यवती शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, 'अहो, आपल्या इमारतीत तेव्हा किती मते होती?'

मी हिशेब केला नाही. करण्याची गरजही नव्हती. आम्ही गणपतीला गेलो होतो. माझ्याबरोबरची माणसे त्या साठ-सत्तरांना पुरी पडली नसती, हे खरे. पण तसा विचार करणाऱ्या इमारती आमच्या गल्लीत सतरा आहेत.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली आणि अखेर १५ जानेवारी २०२६ हा मतदानाचा दिवस ठरला. संक्रांत आदल्याच दिवशी होती. उमेदवारांच्या जिभेवर तिळगूळ मात्र पंधरा दिवस आधीपासून होता.

आमच्याकडे चार जागांचा प्रभाग. २००२ साली तीन जागा होत्या, २००७ साली एक, २०१२ साली दोन आणि २०१७ पासून चार. मतदार तोच, पण त्याच्या मतांची संख्या भरती-ओहोटीसारखी बदलते. चार जागा म्हणजे चार प्रतिनिधी, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात चौघांचे काम ते कोणाचेच नाही, हा संयुक्त कुटुंबातला नियम इथेही लागू पडतो.

या खेपेस हिने स्वयंपाकघरातल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत तीन प्रश्न लिहून ठेवले. येईल त्या उमेदवाराला पाणी द्यायचे आणि विचारायचे. आपल्या गल्लीची पाण्याची चावी कुठे आहे? गेल्या अंदाजपत्रकातले कोणते काम तुम्हाला चुकीचे वाटले? निवडून आलात, तर सभेत पहिला प्रश्न कोणता विचाराल?

पहिले आले ते एका धनिकाचे चिरंजीव. त्यांनी प्रत्येक इमारतीला बाके देण्याचे वचन दिले. चावीचे विचारताच बरोबरच्या कार्यकर्त्याकडे पाहिले. दुसरा एक तरुण वकील, अपक्ष, सायकलवरून आला. अंदाजपत्रक वाचलेला एवढा एकच. अण्णा आले ते नव्या चिन्हावर. पक्ष बदलण्याची त्यांची ही तिसरी खेप, आणि दर दोन वर्षांनी चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवण्याचा त्यांचा छंद मला ठाऊक होता. ते मी तोंडावर बोललोही. ते हसले, म्हणाले, 'सर, ते खरं आहे.'

महिलांसाठी राखीव जागेवरच्या एक बाई आल्या. १९९० साली ३० टक्के आणि २०११ च्या कायद्याने ५० टक्के जागा महिलांना मिळाल्या. पण या बाईंच्या फ्लेक्सवर यजमानांचा चेहरा त्यांच्यापेक्षा मोठा होता. हिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर यजमानच देत. इतक्यात त्यांना फोन आला आणि ते जिन्यात गेले. बाई झटकन म्हणाल्या, 'वहिनी, चावी पिठाच्या गिरणीसमोर आहे. आमच्याकडं पहाटे साडेचारला पाणी येतं, मीच उठते.' यजमान परत आले, बाई पुन्हा गप्प झाल्या. पण हिने वहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती.

त्या रात्री मला जोतीराव फुल्यांची आठवण झाली. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पैसा उधळू नका, तो गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे म्हणणारे सभेत ते एकटे होते. मंडईची मोठी इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. शहराचा प्रतिनिधी कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तो गल्लीत काय आणून देतो, यापेक्षा सभेत आपल्या वतीने काय विचारतो, हे पाहावे. बाके काय, आपण वर्गणी काढूनही आणू.

उमेदवारांची शपथपत्रेही मी या वेळी प्रथमच वाचली. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण, सगळे त्यात असते. कादंबरीपेक्षा रंजक असते आणि फुकट मिळते.

मतदानाला सकाळी साडेसातलाच गेलो. 'चारी बटणे एकाच चिन्हाची दाबा,' असे प्रत्येक पक्षाने बजावले होते. आम्ही चारी बटणे वेगवेगळ्या विचाराने दाबली. अण्णा, त्या बाई, तो वकील, आणि चौथ्या जागी कोणीच न पटल्याने 'वरीलपैकी कोणीही नाही'.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. वकिलाची अनामत गेली. अण्णा पडले. बाई आल्या. बाके देणारे चिरंजीवही आले.

संध्याकाळी तिळगुळाचा डबा घेऊन आम्ही दोघे अण्णांकडे गेलो. ते घरी नव्हते. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, 'गिरणीपाशी गेलेत. नव्या बाईंना वस्तीतल्या सगळ्या चाव्या दाखवून ठेवतो म्हणाले.'

आम्ही गिरणीकडे निघालो. चौकात बाईंच्या विजयाचा फ्लेक्स लागला होता. त्यावर मतदारांचे 'हार्दीक आभार' मानलेले होते. ही माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, 'चल लवकर. चाव्या आपल्यालाही पाहून ठेवायच्या आहेत.'