चारमिनार ते सुलतान बाजार

'दिव्याखाली अंधार' ही म्हण हैदराबादेत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना तंतोतंत लागू पडते. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांवर आम्ही निबंध लिहितो, रायगडाच्या पायऱ्या हौसेने चढून येतो. परंतु घरापासून तीन किलोमीटरांवर असलेला चारमिनार आमच्यापैकी निम्म्या मुलांनी केवळ दुरून पाहिलेला असतो. शाळेच्या इतिहास मंडळात जुन्या शहराच्या पायी सहलीचा विषय निघाला, तेव्हा नववीतील एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "आपला तिकडे काय संबंध?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर वर्गात बसून देण्यापेक्षा चालत शोधावे असे ठरले, आणि डिसेंबरातील एका शनिवारी सकाळी आम्ही वह्या-पेन्सिली घेऊन चारमिनारपाशी जमलो.

गोवळकोंड्याचा किल्ला वस्तीला अपुरा पडू लागला आणि पाण्याची टंचाई भासू लागली, म्हणून महंमद कुली कुत्बशहाने १५९१ मध्ये मुसी नदीच्या दक्षिण तीरावर हे नवे शहर वसवले. चारमिनार हा त्या आखणीचा मध्यबिंदू. त्याच्या चार कमानींतून चार दिशांना चार हमरस्ते निघतात, आणि आजही जुन्या शहराची दिशा या चौकावरूनच उमगते. या आखणीत मीर मोमिन अस्त्राबादी याचा मोठा वाटा होता. तो इराणातून आलेला विद्वान. त्याच्या पदाचे नाव 'पेशवा'. शनिवारवाड्यामुळे हा शब्द आपणांस अगदी घरचा वाटतो. वास्तविक तो फारसी असून दक्षिणेतील सुलतानांच्या दरबारांतून आपल्याकडे आला आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत या शहराचे नाव 'भागानगर' असे येते. १६७७ मध्ये शिवाजी महाराज अबुल हसन कुत्बशहाच्या भेटीस येथेच आले होते. त्या वेळी राज्याचा कारभार अक्कण्णा आणि मादण्णा हे दोन तेलुगू ब्राह्मण बंधू पाहत होते. 'संबंध' शोधण्यास फार चालावे लागले नाही!

चारमिनारच्या पश्चिमेस लाड बाजार आहे. येथील लाखेच्या बांगड्या प्रसिद्ध आहेत. कारागीर निखाऱ्यांच्या शेगडीवर लाख मऊ करतो, ती लाटून लांब करतो, कड्याला वळवतो आणि लाख गरम असतानाच एकेक खडा दाबून बसवतो. लाख निवाली की खडा घट्ट बसतो. उशीर झाला की बसत नाही. चिमटा धरलेल्या त्या हातांची गती पाहून आमची मुले बोलायचे विसरली. या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात घासाघीस चालू असता एक बुरखाधारी आजीबाई ठसक्यात म्हणाल्या, "वो नक्को, येइच देव!" आम्ही चमकून एकमेकांकडे पाहिले. तो 'नक्को' म्हणजे आपला 'नको', आणि 'येइच'मधला 'च' तोच, ज्यावाचून मराठी माणसाचे एक वाक्य पुरे होत नाही. दखनी भाषेने हे दोन्ही मराठीकडून घेतले. शेकडो वर्षे शेजार असल्याखेरीज 'नको' म्हणण्याची रीत कोणी उसनी घेत नाही.

तेथून उत्तरेकडे वळल्यावर चार कमानी लागतात. त्यांच्या मधोमध गुलजार हौज आहे. पुढे पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालची दुकाने आणि त्यांच्या जवळच बादशाही आशूरखाना. मोहरमच्या शोकविधींसाठी ही वास्तू कुत्बशाहीत उभारली गेली. तिच्या भिंतींवरील पिवळ्या, निळ्या, हिरव्या फरशांचे नक्षीकाम अप्रतिम आहे. आम्ही जोडे बाहेर काढून, डोके झाकून आत उभे राहिलो. नीट निरखले असता दिसते की, वरचा भाग झळझळीत आहे आणि तळचा फिका. तेथे फरशांच्या ऐवजी पुढे रंगाने नक्षी काढून भर केलेली आहे. असे का, याचे उत्तर थोड्याच अंतरावर वाहते आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. अतिवृष्टीने वरच्या अंगाचे अनेक तलाव फुटले, ते सारे पाणी एकदम शहरात शिरले आणि हजारो माणसे दगावली. आशूरखान्याच्या तळच्या फरशा त्याच पाण्याने नेल्या. नयापूल ओलांडून आम्ही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली आलो. त्या दिवशी या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. प्रसिद्ध उर्दू कवी अमजद हैदराबादी स्वतः पुरातून वाचले; परंतु त्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. झाडाखाली कोणाला काही बोलावेसे वाटेना. फांदी धरणाऱ्याची जात, भाषा वा धर्म त्या झाडाने विचारला नव्हता, हे सांगण्याची गरजही नव्हती. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने नदीच्या वरच्या बाजूस उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले, आणि १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार मंडळाने शहराचा बराच भाग नव्याने आखला.

पुलाच्या उत्तरेस अफजलगंजात सार्वजनिक मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८९१ मध्ये 'आसफिया' या नावाने ते सुरू झाले. आजची भव्य इमारत १९३६ पासूनची. त्यापुढची वाट गौळीगुड्यातून जाते. येथे शिखांचा गुरुद्वारा आहे. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ च्या सुमारास निजामाकडे पाठविलेल्या फौजेबरोबर शीख कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. थोडे पुढे जांबागेत विवेकवर्धिनी ही मराठी शाळा १९०७ मध्ये सुरू झाली. केशवराव कोरटकर यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. त्या काळी राज्याचा कारभार उर्दूत चाले. मुलांना मातृभाषेत शिकवायचे, तर लोकांनीच वर्गणी गोळा करून शाळा काढावी लागे.

अखेरीस सुलतान बाजार. ब्रिटिश वकील कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे रेसिडेन्सीचा प्रासाद बांधला. त्याने खैरुन्निसा या हैदराबादी सरदार घराण्यातील स्त्रीशी विवाह केला होता. प्रासादाभोवतीच्या बाजारपेठेवर रेसिडेन्सीचा अंमल असल्याने तेथे निजामाचा कायदा चालत नसे. त्यामुळे सावकार, व्यापारी, वकील आणि सभा-संस्था यांनी तेथे आसरा घेतला. तेलुगू ग्रंथांसाठी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् १९०१ मध्ये याच परिसरात निघाले, आणि इसामिया बाजारातील मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ मध्ये. १९३३ मध्ये ही बाजारपेठ निजामाकडे परत गेली आणि 'सुलतान बाजार' हे नाव पडले. म्हणजे तासाभराच्या पायवाटेवर उर्दू-फारसी, तेलुगू आणि मराठी अशी तीन ग्रंथालये! प्रत्येक समाजाने आपला दिवा लावला, आणि रस्ता सर्वांसाठी उजळला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. पुष्कळ मराठी कुटुंबे मात्र याच शहरात राहिली. आम्ही त्यांचीच नातवंडे-पतवंडे. आज मराठी वाचणाऱ्यांची संख्या घटत आहे, ही चिंता खरी आहे. परंतु नदीपलीकडच्या शहराला परके मानून मराठी वाढणार नाही, हे या सहलीने आम्हांस शिकविले. आपली भाषा तेथील बांगड्यांच्या दुकानात आजही बोलली जाते. ती ऐकायला आपण जात नाही, एवढेच.

परतताना त्या विद्यार्थिनीच्या वहीत आम्ही डोकावलो. तिने पानाच्या डाव्या बाजूस गल्ल्यांची नावे आणि उजव्या बाजूस त्यांचे अर्थ लिहायला घेतले होते. डावी बाजू भरली होती, उजवी बरीच रिकामी. वाचकहो, ती भरण्यास आपणही हातभार लावा. सुटीच्या एखाद्या सकाळी पायांत बळकट चपला घालून निघा. वर मान करून कमानी पाहा, प्रार्थनास्थळी जोडे काढा, दुकानदाराला त्याच्या गल्लीचे नाव कसे पडले ते विचारा. आणि कोणी चहा पुढे केला, तर 'नक्को' म्हणू नका.