रक्ताचा बांध आणि त्याचा पाझर

नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीवर गंगापूरचें धरण आहे. १९६५ सालीं पुरें झालेलें हें धरण मातीचें आहे. आणि मातीच्या कोणत्याही धरणांतून थोडें पाणी पाझरावयाचेंच. स्थापत्यविशारदांस त्याचें भय वाटत नाहीं. अशा बांधाच्या पोटांत वाळूचे व खडीचे थर घालून ते पाझरास वाट करून देतात, पायथ्याशीं चर ठेवतात, आणि येणारें पाणी किती व तें निवळ कीं गढूळ, यावर नजर ठेवतात. मनुष्याच्या रक्ताचा व्यवहारही पुष्कळ अंशीं असाच आहे. नळांतून पाणी वाहावें तसें रक्त वाहतें, बाहेर कांहीं पडत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ती खरी नाहीं.

धमन्यांना फांद्या फुटत फुटत शेवटीं अतिसूक्ष्म केशवाहिन्या होतात. १६६१ सालीं इटलीच्या मार्सेलो मालपीगी यानें बेडकाच्या फुप्फुसांत त्या सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्या. त्यांची रुंदी केसाच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढी, आणि भिंत एकाच पेशीच्या जाडीची. स्नायूंत त्यांचें जाळें फार दाट असतें. कारण श्रम करणाऱ्या स्नायूस प्राणवायु व साखर वेळच्या वेळीं पोंचली पाहिजे. या जाळ्याचें नियमन कसें होतें याचा शोध लावल्याबद्दल डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांस १९२० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

रक्तांतील पेशी वगळल्या म्हणजे जो पिवळसर द्रव उरतो, त्याच्या दर १०० मिलिलिटरांत सुमारें ७ ग्रॅम प्रथिनें असतात. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक भाग अल्ब्युमिन या प्रथिनाचा. पाणी धरून ठेवणें हें त्याचें एक मोठें काम. रक्ताचा दाब पाण्यास केशवाहिनीबाहेर ढकलतो, आणि आंतील प्रथिनें त्यास आवरून धरतात, हें तत्त्व इंग्लंडचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं १८९६ सालीं मांडलें. मग हीं प्रथिनेंच बाहेर गेलीं, तर हा तोल टिकावा कसा?

याचें उत्तर भिंतीच्या रचनेंत आहे. यकृतांतील केशवाहिन्यांस मोठालीं छिद्रें असतात; स्नायूंतील भिंत मात्र सलग असते. तिच्या पेशींच्या सांध्यांत ज्या फटी आहेत, त्यांची रुंदी सुमारें ८ ते १० नॅनोमीटर भरते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग. पाणी, मीठ व साखर या फटींतून सहज जातात. अल्ब्युमिनचा रेणु सुमारें ७ नॅनोमीटरांचा; तो कसाबसा मावेल. परंतु भिंतीच्या आंतल्या अंगास शर्करायुक्त तंतूंचें शेवाळासारखें अस्तर असतें. त्यावर ऋण विद्युत्भार असतो, अल्ब्युमिनवरही तोच. म्हणून बहुतेक रेणु दारावरूनच परततात. जे थोडे सुटतात, त्यांच्यासाठीं अधूनमधून कांहीं रुंद वाटा आहेत. शिवाय भिंतीच्या पेशींत चिमुकल्या पिशव्या असतात. त्या एका बाजूस द्रव घेऊन दुसऱ्या बाजूस सोडतात, असें कित्येक शास्त्रज्ञ मानतात. रुंद वाटांचा हिस्सा किती व पिशव्यांचा किती, यावर त्यांच्यांत आजही वाद आहे.

पाझर दिसावयास अल्प, पण अखंड. रक्तांतील अल्ब्युमिनपैकीं सुमारें शेंकडा ५ भाग दर तासास बाहेर पडतो; म्हणजे रक्तांत जेवढें अल्ब्युमिन आहे, तेवढें सारें एका दिवसांत एकदां बाहेर फिरून येतें. हा अपव्यय नव्हे. रोगजंतूंशीं झुंजणारीं प्रथिनें स्नायूंत पोंचतात तीं याच वाटेनें. बाहेर आलेलीं प्रथिनें लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या तळाशीं असलेल्या मोठ्या शिरांत पुन्हां ओततात. याच धरणाच्या पायथ्याच्या चरी होत. स्नायु आकुंचन पावले कीं त्या पिळल्या जातात; म्हणूनच चालण्याफिरण्यानें प्रवाह वाढतो, आणि तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यास पावलें जड होतात.

यावरून बिघाडही दोन प्रकारचे संभवतात. चर बुजली तर एक. विदर्भांत चंद्रपूर-गडचिरोलीकडे पूर्वींपासून ठाऊक असलेला हत्तीरोग हें त्याचें उदाहरण. त्यांत जंत लसिकावाहिन्यांची हानि करतात आणि प्रथिनयुक्त द्रव पायांत सांचून राहतो. बांधच पाझरूं लागला तर दुसरा. आणि हा प्रसंग शहरांतील सुशिक्षित घरांवरही येतो. नाशिकसारख्या शहरांत पावसाळ्यांत व त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण आढळतात. या रोगांत कांहीं रुग्णांच्या केशवाहिन्यांच्या भिंती एकाएकीं सैल पडतात. प्रथिनें व त्यांच्यामागून पाणी छातीच्या आणि पोटाच्या पोकळींत उतरतें, रक्त दाट होतें, नाडी क्षीण होते. विशेष हें कीं, असें बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरूं लागतांना घडतें. घरचीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि खरी जोखीम त्याच वेळीं सुरू होते.

हा पाझर साधारणतः २४ ते ४८ तास टिकतो. नंतर भिंती सांवरतात व बाहेरचें पाणी रक्तांत परत येऊं लागतें. म्हणून शिरेवाटे द्यावयाचें सलाईन आधीं कमी पडूं देऊं नये आणि मागाहून अधिक होऊं देऊं नये, अशी वैद्यांची दुहेरी कसरत असते; अधिक झाल्यास फुप्फुसांवर भार पडतो. घरच्यांचें काम त्याहून सोपें, परंतु तितकेंच मोलाचें आहे. ताप उतरल्यावर पोट फार दुखूं लागलें, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलें, रोगी अस्वस्थ किंवा सुस्त झाला, अथवा हातपाय गार पडले, तर सकाळची वाट न पाहतां त्यास रुग्णालयांत न्यावें.